वहिनीची आखाजी

खानदेशात आखाजी दिवाळीपेक्षा मोठी. बाकी महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त. आमच्याकडे तो लेकींचा सण. भाऊ मुराळी होऊन बहिणीला न्यायला सासरच्या दारात उभा राहिला की सासूलाही नाही म्हणता येत नाही. निंबाच्या फांदीला झोके लागतात, गौराई बसते, सालदारांचं जुनं साल संपून नवं ठरतं, पुरुष मंडळी पत्ते पिसतात, आणि वर्षभर राबलेल्या बाईला कुणीतरी 'घडीभर बस' म्हणतं. पुढे पाऊस लागला की पेरणी, निंदणी, तोडणी यांतून मान वर करायला मिळत नाही. म्हणून भर उन्हातल्या या सणावर आमच्या बायकांचा एवढा जीव.

पण एकीचं माहेर हे दुसरीचं सासर असतं. लेकी येणार म्हणून त्या घरातली सून चुलीवर खापर चढवते, पुरण शिजवते, आमरसाचे आंबे माचवते. तिच्या माहेरी जाण्याचं बहुतेक घरांत काहीतरी जमवलेलं असतं. ती चार दिवस आधी जाऊन येते, नाहीतर नणंदा परतल्या की निघते. ज्या घरात एखादं म्हातारं माणूस सगळं विसरत चाललेलं असतं, तिथे मात्र हे जमत नाही. त्या माणसाला न्हाऊ घालणारी, त्याच्या तोंडाकडे बघून भूक ओळखणारी, रात्री दाराची कडी वाजली की उठणारी बाई एकच असते, आणि ती बहुतेक वेळा सूनच असते. तिला निघताच येत नाही. आमच्या घरी वहिनीचं तसंच झालं होतं.

आमचं गाव नंदुरबारहून शहाद्याला जाताना प्रकाशाच्या अलीकडे. मायचं विसरणं सुरू झालं ते मिरचीच्या हिशेबापासून. तोडणीला येणाऱ्या बायांचा रोज, कुणाची उचल किती, कोण किती दिवस आलं नाही, हे सगळं तिच्या तोंडपाठ असायचं. तिला वहीची गरज कधी पडली नाही. एका हंगामात तिने एकाच बाईला दोनदा पैसे दिले आणि दुसरीला 'तुला दिलेत की' म्हणून परत पाठवलं. मग वरणात मीठ दोनदा पडायला लागलं. मग एका संध्याकाळी ती शेतातून येताना नेहमीच्या फाट्यावर उभी राहिली आणि गावातल्याच एका पोराला विचारलं, आपलं गाव कुठल्या अंगाला? तो पोरगा शहाणा निघाला. हसला नाही, हात धरून घरी घेऊन आला.

गावाचं म्हणणं ठरलेलं होतं. कुणी म्हणालं वयाचं आहे, कुणी म्हणालं बाहेरचं काही असेल, एकदा दाखवून आणा. एका खासगी दवाखान्यातही 'या वयात व्हायचंच' एवढंच ऐकायला मिळालं. हे वाक्य फार नुकसान करतं. विसरणं वाढण्यामागे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, थायरॉईड असू शकतो, नैराश्य असू शकतं, पडल्यामुळे डोक्यात साचलेलं रक्त असू शकतं, एखादं चालू औषधही असू शकतं. ही कारणं सापडली तर त्यांवर इलाज होतो. म्हणून रक्त तपासायचं असतं, डोक्याचा स्कॅन करायचा असतो. मायच्या बाबतीत यातलं काही निघालं नाही, आणि मग अल्झायमर हे नाव घरात आलं. नाव कळल्याने आजार हलका झाला नाही. पण ती मुद्दाम करते, हट्टीपणा करते, हे बोलणं त्या दिवसापासून थांबलं, आणि माझ्या मते तोच मायला मिळालेला पहिला उपचार.

सण जवळ आला की अशा घरात काय होतं हे बाहेरून येणाऱ्याला कळत नाही. घर सारवलं जातं, खाट ओट्यावरून पडवीत जाते, दिवाणखान्यात सतरंज्या पसरतात, पाहुण्यांच्या पिशव्यांनी वाट अडते. आपल्याला ती सणाची शोभा वाटते. मायला ते परकं घर होतं. तिच्या मेंदूचा जो भाग नवी आठवण साठवतो तो या आजारात सगळ्यात आधी झिजतो. काल हलवलेली खाट तिच्या लेखी हललेलीच नसते. ती जुन्या जागी बसायला जाते आणि पडते. दहा जण एकदम बोलत असले की त्यातलं कोणतं बोलणं आपल्यासाठी आहे हे निवडणं तिला जमत नाही. दिवस कलला की ही घालमेल आणखी वाढते. अशा बहुतेक घरांत संध्याकाळच जड जाते. दिवाळीत तर फटाका फुटला की ती कानांवर हात ठेवून कोपरा शोधते, आणि उंबऱ्यावरच्या पणत्यांकडे पदराचं भान न ठेवता वाकते.

आखाजीला भर पडते ती उन्हाची. तापीच्या खोऱ्यात तेव्हा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. म्हातारपणी तहान मुळातच मंदावते, आणि तहान लागलीय हे सांगायचं असतं हेच माय विसरलेली. पाण्याशिवाय एक दुपार गेली की संध्याकाळी ती वेगळीच बाई होते: भिंतीवर माणसं दिसतात, जिभेला शब्द सापडत नाहीत. आजार वाढला असं समजून घरं तिथेच खचतात. गोंधळ असा एकाएकी, दिवसादोन दिवसांत वाढला तर आधी पाणी, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, ताप आणि नुकतंच सुरू केलेलं औषध या गोष्टी बघायच्या असतात आणि डॉक्टरांना गाठायचं असतं. सर्दीसाठी दुकानातून आणलेली साधी गोळीसुद्धा अशा माणसाला भ्रमात टाकू शकते. वहिनी हे पुस्तकातून शिकली नाही. ती मायजवळून जाताना प्रत्येक वेळी पेला तिच्या ओठाला लावते, विचारत बसत नाही. विचारलं तर माय 'नको' म्हणते. पेला समोर आला तर पिते.

सण आता आम्ही मायच्या मापाचा करतो. तिची खाट हलत नाही. ओटा तिचा, पाहुणे मागच्या पडवीत. सगळे एका दिवशी येत नाहीत. तिच्यासमोर एका वेळी एक जण बसतो, आपलं नाव आणि नातं आपणच सांगतो, 'ओळखलं का?' असं कुणी विचारत नाही. या प्रश्नाइतका क्रूर प्रश्न दुसरा नाही, आणि पाहुणे तो हटकून विचारतात. पुरणपोळी दुधात कुस्करून, आमरस वाटीभरच, कारण साखरेची गोळी चालू आहे. कुरडई तिच्या ताटात नाही, घशात अडकते. औषधाच्या वेळा सणाच्या जेवणासाठी मागेपुढे होत नाहीत. रात्री न्हाणीघरातला दिवा चालू ठेवतो. तिच्या झंपरच्या खिशात आधार कार्डाची प्रत आणि दादाचा नंबर असतो. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. बाजारच्या गर्दीत हात सुटला, तर मायला तिच्या दारापर्यंत आणायला आज तोच कागद कामाला येईल.

सगळ्यात अवघड होती ती घागर. आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, निखाऱ्यावर नैवेद्याची आगारी टाकायची. आमचे वडील, नाना, गेले त्या वर्षापासून त्यांचंही नाव त्यात आलं. मायच्या लेखी नाना शेतात गेलेले असतात आणि संध्याकाळी येणार असतात. घागरीपुढे नाव उच्चारलं गेलं आणि तिने ते ऐकलं तर ती त्या क्षणी विधवा होते. पुन्हा तोच हंबरडा, आणि थोड्या वेळाने कारण विसरूनही न थांबणारं रडणं. आता दादा सकाळी लवकर, माय न्हात असताना, परसात आगारी टाकतो. भाऊबंदांतल्या एका वडीलधाऱ्याने नाक मुरडलं होतं. पितरांना ही रीत चालत असणार, अशी माझी श्रद्धा आहे. नानांना तर नक्कीच चालत असेल.

कारण विसरूनही रडणं का उरतं, याचं उत्तर मला पुढे एका अभ्यासात मिळालं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमर झालेल्या माणसांना आधी दुःखाचे आणि मग आनंदाचे चित्रपटांतले प्रसंग दाखवले गेले. थोड्या वेळात त्यांना प्रसंग आठवेनात; काहींना चित्रपट पाहिल्याचंच आठवेना. मन मात्र उदास किंवा प्रसन्न राहिलं, आणि ज्यांना कमी आठवत होतं त्यांची उदासी जास्त वेळ टिकली. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. 'तिला आपण आलेलं कळणारही नाही, मग कशाला जायचं' असं म्हणणाऱ्या प्रत्येक लेकीने आणि लेकाने हे समजून घ्यावं. आपण आलो होतो हे ती विसरेल. आपण तिच्याशी कसं वागलो ते तिच्या अंगात राहील.

आखाजीच्या सुमाराला माय गाठोडं बांधते. दोन लुगडी, कंगवा, कधी रिकामी डबी. ओट्यावर बसून रस्त्याकडे बघते आणि विचारते, 'मन्हा भाऊ ऊना का?' मामा जाऊन वर्षं झाली. पण वैशाखातलं हे ऊन, आंब्याचा वास, पोरींच्या झोक्याची कुरकुर हे सगळं तिला सांगतं की मुराळी येणार, माहेरी जायचंय. 'माले घर जानं शे,' असं ती म्हणते तेव्हा ती आपल्याच घराच्या ओट्यावर बसलेली असते. या आजाराची माणसं घरात असून घर मागतात, हे जगभर दिसतं. पण आखाजीला खानदेशातली म्हातारी ते मागते तेव्हा त्यामागे तिच्या उभ्या आयुष्याची रीत असते. तिला कसं सांगणार की तुझं माहेर आता उरलं नाही?

वहिनी सांगत नाही. ती गाठोड्याशेजारी बसते आणि विचारते, भाऊ बैलगाडी घेऊन यायचा की चालत? गाडीला बैल कोणते होते? माहेरच्या अंगणात झोका कुठल्या झाडाला? आणि मायला आठवतं. बैलांची नावं आठवतात, वाटेतली विहीर आठवते, वहाळात रुतलेलं चाक आठवतं. जुन्या आठवणी मेंदूत खूप आधी आणि ठिकठिकाणी रुजलेल्या असतात. त्या शेवटी जातात. बोलता बोलता ती आखाजीचं गाणं म्हणायला लागते, एक कडवं नाही, एकामागून एक. आम्हा बहिणींना त्यातली निम्मी येत नाहीत. खानदेशच्याच कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी त्यांची गाणी कागदावर उतरवली नसती, तर १९५२ साली निघालेला तो संग्रह महाराष्ट्राला मिळालाच नसता. खानदेशातल्या कितीतरी बायकांचं गाणं कुणी उतरवलं नाही. ते त्यांच्या डोक्यात आहे, आणि आता तीच डोकी रिकामी होत आहेत. माझी भाची मायचं गाणं फोनवर रेकॉर्ड करते. हे प्रत्येक घराने करावं, आणि लवकर करावं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातली माहुताची बायको आठवेल. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागे चालत जातात आणि त्या बाईच्या झोपडीपाशी पोचतात. ती त्यांना लेकरासारखं खाऊ घालते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो प्रसंग थोर आहे. पण मला तो पाहताना वहिनी आठवत राहिली. अनोळखी बाईने एक दिवस केलेली माया आपण डोळे पुसत पाहतो, आणि घरातली सून तीच माया रोज करते तेव्हा ती आपल्याला तिची कामं वाटतात.

वहिनीचं माहेर नवापूरकडे. तिची आई अजून आहे, झोका अजून बांधला जातो, भाऊ अजून मुराळी म्हणून यायला तयार असतो. ती जात नव्हती. तिचा रक्तदाब वाढला होता, पाठ धरली होती, रात्रीची झोप तुटून तुटून होत होती. लेकी यायच्या म्हणजे तिला मायच्या जोडीला आणखी माणसांचा स्वयंपाक. गावोगाव हेच चित्र आहे: बाहेरून आलेल्या लेकी आईचा हात हातात घेतात, रडतात, औषधांची पाकिटं उलटसुलट बघतात, 'वहिनी, आईचं वजन कमी झालंय हं' असं म्हणतात आणि परततात. त्यांचं प्रेम खरं असतं. पण त्या प्रेमाने वहिनीच्या वाट्याची एक रात्रही कमी होत नाही.

सांभाळणाऱ्याला सांभाळलं तर काय होतं, हे आपल्या शेजारच्या गोव्यात नीट तपासून पाहिलं गेलं आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिथे ८१ कुटुंबं घेतली. त्यांतल्या निम्म्या घरी सहा महिने घरपोच आधाराची सोय केली. घरी जाणारी माणसं तज्ज्ञ डॉक्टर नव्हती. ती स्थानिक, जेमतेम बारावीपर्यंत शिकलेली, पण प्रशिक्षण दिलेली होती. ती बसायची, ऐकून घ्यायची, आजार समजावून सांगायची, नातेवाइकांत कामाची वाटणी घडवून आणायची, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवायची. २००८ साली आलेल्या निष्कर्षानुसार सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण यामुळे कमी झाला. तिथे कुठलं महागडं यंत्र लागलं नाही, नवं औषध लागलं नाही.

आमच्याकडे ही वाटणी ताईने घडवून आणली. ताई थोरली, तिचा शब्द दादाही मोडत नाही. तिने सांगितलं की आखाजीला आम्ही बहिणी येऊ त्या पाहुण्या म्हणून नाही. आम्ही आलो की वहिनीने निघायचं. मायचं न्हाणं, जेवण, औषध आम्ही बघू. रात्रीची जाग दादाची, पत्त्यांचा डाव यंदा दुसरे खेळतील. वहिनी आधी तयारच होईना. मायला कुठल्या कुशीवर झोप लागते, ती चिडली की कोणत्या दारातून बाहेर न्यायची, कोणतं लुगडं टोचतं, हे सगळं तिच्याच जवळ होतं. तिने ते आम्हाला एक दिवस आधी येऊन शिकायला लावलं, आणि बरं केलं. पहिल्या संध्याकाळी मायने तिला हाका मारल्या, आम्हाला ढकललं, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ताईच्या हातून भात खाल्ला. वहिनी नवापूरहून परतली तेव्हा तिचा चेहरा मी पुष्कळ वर्षांनी तसा पाहिला. ती म्हणाली, तिकडे मी नुसती झोपले.

हे लिहिताना मला जिल्ह्याची दुसरी बाजूही दिसते. उत्तरेला, सातपुड्यात, मोठा सण होळीचा. काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं त्या दिवसांत धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर परततात. तोवर पाड्यावर कितीतरी म्हातारी माणसं एकेकटी असतात, आणि तिथली घरं टेकडीटेकडीवर विखुरलेली. वाट चुकलेल्या म्हाताऱ्याला हात धरून आणणारं तिथे वाटेवर कुणी भेटेलच असं नाही. नंदुरबारचं नाव राज्यात निघतं ते कुपोषणासाठी आणि सिकलसेलसाठी. आणि ती दुखणी मोठी आहेतच. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत पुरुषांपेक्षा आणि खेड्यांत शहरांपेक्षा ते जास्त आहे. बायका आणि खेडी! आमचा जिल्हा याहून वेगळा कसा असेल? पाड्यावर बाळाचं वजन करायला जाणाऱ्या आशाताईला म्हाताऱ्यांशी बसून बोलायचं प्रशिक्षण आणि त्या कामाचा वेगळा मोबदला दिला, तर गोव्यात झालं ते इथेही होईल. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हे काम त्याने हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

तोपर्यंत जे हाताशी आहे ते वापरावं. विसरणं रोजच्या कामात आडवं येऊ लागलं की जिल्हा रुग्णालयात दाखवावं. सांभाळणाऱ्याचंच मन खचलं तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावं, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ आहे. आणि माहेरी निघायची तयारी करणाऱ्या लेकींनो, आईसाठी साडी घ्याल तेव्हा घ्या, आधी वहिनीला फोन करा. आपण कोणत्या दिवशी पोचतोय ते सांगा, आणि तिच्या भावाला त्याच दिवशी तिला न्यायला बोलवा.